दर गुरुवारी चार वाजता : आमच्या मंडळीच्या भेटीच्या सेवेबद्दल

पैसे किती घेतात, हा पहिला प्रश्न गल्लीतल्या लोकांनी मला विचारला. एक रुपयाही घेत नाहीत. चहा घेतात, तोसुद्धा आपण ठेवला तर. जेवायला थांबत नाहीत, निघताना हातात काही ठेवायला गेलं तर हात जोडतात. गेली दोन वर्षं आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली दोन माणसं दर गुरुवारी चार वाजता आमच्या कोल्हापुरातल्या कदमवाडीतल्या घरी येतात, पाऊण तास बसतात आणि जातात. लोक हॉटेलबद्दल लिहितात, दुकानाबद्दल लिहितात. या सेवेबद्दलही कुणीतरी नीट लिहायला पाहिजे, असं मला बरेच दिवस वाटत होतं. ज्यांच्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, त्यांनी हे वाचावं.

मंडळीचं नाव लिहीत नाही. पुढं एक तक्रार आहे. ती मिटलीय, आणि मिटलेल्या गोष्टीवरून कुणाकडं बोट दाखवायची माझी इच्छा नाही.

मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत एकतीस वर्षं मोल्डिंगला होतो. रिटायर होऊन आठ महिने झाले होते. जून २०२३. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून बायको उठली, घागर उचलायला वाकली आणि तिथंच बसली. तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलायला बघतीय पण शब्द फुटत नाही. अर्धांगवायूचा झटका होता. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं म्हणतात. आम्ही दीड तासात दवाखान्यात पोचलो, म्हणून आज आहे तेवढं तरी हाताशी राहिलं. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. अकरा दिवसांनी घरी आणलं.

पहिले पंधरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मग पाहुणे आपापल्या गावी गेले, मुलगा पुण्याला कामावर गेला, आणि घरात आम्ही दोघं राहिलो. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. डायपर, औषधं, मऊ भात, परत कूस. कुणाला सांगणार आणि काय सांगणार?

आमच्या मंडळीला पाळक, म्हणजे धर्मगुरू, एक आणि घरं दोनशेच्या वर. पाळकसाहेब दवाखान्यात तीनदा आले, घरी आल्यावरही आले, पण दर आठवड्याला दोनशे घरं एका माणसाच्यानं होत नाहीत. म्हणून भेटीचा गट आहे. साधी माणसं आहेत, कुणाला पगार नाही. गट सांभाळतात त्या मिशन दवाखान्यातून रिटायर झालेल्या सिस्टर. त्यांनी फोन करून विचारलं, "दोघांना पाठवू काय? तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, राग येणार नाही." हे मला आवडलं. आल्यावर हाकलता येत नाही, आधी विचारलं तर माणसाला मोकळेपणानं नको म्हणता येतं.

आमच्याकडं आल्या त्या एक बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांच्याबरोबर एक भाऊ. त्यांनी उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला. पहिल्या दिवशी मी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, पलंगाच्या पायथ्याशी. बाई तिथं बसल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातला बुटका पाट मागितला आणि तो पलंगाच्या डाव्या बाजूला उशाजवळ टाकून बसल्या. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. नंतर कळलं, उजवीकडून कोण बोललं तर हिचं लक्ष जात नाही, हे सिस्टरांनी आधीच विचारून ठेवलं होतं. आणि डोक्याशी उभं राहून बोललं की पडलेल्या माणसाला छताकडं बघत ऐकावं लागतं. बाईंचं तोंड हिच्या तोंडासमोर, एक हात अंतरावर.

"वहिनी, मी आलेय. दमलासा काय आज?" एवढंच विचारलं आणि थांबल्या. मी घाईघाईनं उत्तर द्यायला लागलो, "होय हो, सकाळी फिजिओवाले..." तर बाईंनी माझ्याकडं न बघता हात वर केला. मी गप्प. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग हिनं मान हलवली. होय. घरी आणल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी हिच्या उत्तराची वाट बघितली होती. मीसुद्धा बघत नव्हतो. तिचं वाक्य मीच पुरं करायचो, तिचं दुखणं मीच सांगायचो, कारण तेवढा वेळ माझ्याकडं नव्हता.

प्रार्थनेचंही तसंच. दर वेळी विचारतात, "आज प्रार्थना करू काय?" दोनदा हिनं डोळे मिटून मान फिरवली, तर केली नाही. नुसते बसले आणि गेले. घरी आलेली मंडळीतली माणसं प्रार्थना न करता उठतात, हे मी पहिल्यांदाच बघितलं. तेव्हा मला जरा खटकलं होतं. आता वाटतं, त्या दोन दिवसांमुळंच पुढच्या प्रार्थना तिच्या झाल्या.

तिसऱ्या महिन्यातली गोष्ट सांगतो. गणपतीचे दिवस होते, बाहेर ढोल चालला होता. बाई पाटावर बसून हळू आवाजात आमच्या उपासनेतलं एक जुनं भजन गुणगुणत होत्या, हिच्यासाठी म्हणून नव्हे, त्यांना सवयच आहे. दुसऱ्या कडव्याला दुसरा आवाज आला. मी गॅसजवळ होतो. वळून बघितलं तर ही गात होती. सूर बेताचा, पण शब्द पुरते, एकापाठोपाठ एक. जिला "पाणी" म्हणता येत नव्हतं, ती आख्खं कडवं म्हणाली. बाई थांबल्या नाहीत, आश्चर्य दाखवलं नाही, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तसंच पुढचं कडवं घेतलं. दूध उतू गेलं ते मला नंतर वासानं कळलं.

स्पीच थेरपिस्टना विचारलं तर त्या म्हणाल्या, असं होतं. अशा आजारात बोलणं गेलं तरी पाठ असलेलं गाणं बऱ्याच जणांचं शाबूत राहतं. मग त्यांनी त्याचाच उपयोग केला, गाण्याच्या चालीवर "पाणी द्या", "कूस बदला" म्हणायला शिकवलं. बाईंना हे शास्त्र माहीत नव्हतं. पण त्या दर आठवड्याला आल्या नसत्या आणि गप्प बसायला शिकल्या नसत्या, तर ते भजन त्या खोलीत आलंच नसतं.

खाण्याचंही एक सांगायला पाहिजे. आमच्या एका पाहुण्यांनी मायेनं किटलीभर पांढरा रस्सा आणला. पातळ आहे, गिळायला सोपं जाईल, असं त्यांना वाटलं. दोन चमचे दिले आणि हिला असा ठसका लागला की चेहरा काळानिळा झाला. अर्धांगवायूनंतर ज्यांची गिळण्याची ताकद गेलीय, त्यांना पातळ पदार्थच जास्त घातक असतात, श्वासनलिकेत जातात. दाटसर, मऊ द्यावं लागतं. भेटीच्या गटातली माणसं स्वतःच्या हातानं रुग्णाला काहीही भरवत नाहीत, तसा त्यांचा नियमच आहे. आधी मला ते कोरडं वाटायचं. त्या दिवसानंतर वाटत नाही.

आता तक्रार.

घरोघर भेट देणं आमच्याकडं नवं नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. मिशनच्या काळात बायबल-बायका, म्हणजे बायबल वाचून दाखवणाऱ्या बायका, दारोदार जायच्या. माझ्या आजीला अक्षरओळख अशाच एका बाईनं करून दिली. आणि त्याहून मागं जायचं तर बायबलातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय अशी काही लोकांनी कुरकुर केली, तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, सात माणसं नेमायला लावली. म्हणजे मंडळीतल्या माणसांनी माणसं सांभाळायची ही रीत एका तक्रारीतून उभी राहिली. त्यामुळं तक्रार केली म्हणून कुणी विश्वासात कमी पडत नाही, असं मी मानतो.

दुसऱ्या महिन्यात भाऊ आणि बाई गावाला गेले होते, तेव्हा त्यांच्या जागी गटातले दुसरे एक जण आले. त्यांच्याजवळ मी बोलून गेलो. मुलगा म्हणत होता आईला पुण्याला घेऊन जातो, मी म्हणत होतो नाही, आणि त्यावरून आमच्यात जे बोलणं झालं ते बाप-लेकात व्हायला नको होतं. रविवारी उपासनेत आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालू असताना पुढून आवाज आला, "अमुक कुटुंबात पिता-पुत्रांचा समेट व्हावा." नाव घेऊन. मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. संध्याकाळपर्यंत ते पुण्यात पोचलं. मुलाचा फोन आला, "बाबा, आपलं घर तुम्ही चारचौघांत मांडलं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मी सिस्टरांना फोन करून सांगितलं, उद्यापासून कुणी येऊ नका. तीन आठवडे कुणी आलं नाही. ते तीन आठवडे ही दर गुरुवारी चारच्या सुमाराला दाराकडं मान वळवून पडून राहायची. मला ते दिसत होतं, पण माझा राग मोठा होता.

चौथ्या आठवड्यात सिस्टर स्वतः आल्या, त्या गृहस्थांना घेऊन. त्यांनी कारणं दिली नाहीत. "चांगल्या हेतूनं केलं" हेही म्हटलं नाही, ते म्हणाले असते तर मी उठून गेलो असतो. म्हणाले, "तुम्ही मला सांगितलेलं माझं नव्हतं. मी ते वाटलं. चुकलं माझं." मुलालाही त्यांनी फोन करून हेच सांगितलं. मग गटानं नियम बदलला. आता प्रार्थनेसाठी काहीही द्यायचं तर घरातल्या माणसाच्या शब्दांत चिठ्ठीवर लिहितात, त्यालाच परत वाचून दाखवतात, आणि तो "चालेल" म्हणाला तरच ती चिठ्ठी पुढं जाते. मोबाइलच्या ग्रुपवर तर कुणाच्या आजाराचं नावही टाकायचं नाही. सहा महिन्यांत मी चार चिठ्ठ्या दिल्या. एकीवर नुसतं लिहिलं होतं, "झोप लागावी." तेवढंच वाचलं गेलं.

झोपेवरून भाऊंचं सांगतो. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. लिहितो.

ही सेवा आजाऱ्यासाठी आहे असा माझा समज होता. भाऊ माझ्यासाठी येतात, हे मला चार महिन्यांनी कळलं. बाई हिच्याजवळ बसायच्या आणि भाऊ मला म्हणायचे, "चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ." चहाच्या गाड्यापर्यंत जायचं आणि यायचं, पंधरा मिनिटं. "तुम्ही जेवलासा काय?" "कधी जेवलासा?" "काय खाल्लं?" असे साधे प्रश्न. फौंड्रीत कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, वरून चकचकीत दिसतं, मशीनवर चढवून पहिला कट मारला की आतलं ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, दिसतं. माझंही तसंच होतं. कुणीही विचारलं की मी "बरं चाललंय" म्हणायचो. जानेवारीतल्या एका गुरुवारी भाऊ चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "झोप लागत नाही म्हणता. मग रात्री काय करता?" मी म्हटलं, गच्चीत जाऊन उभा राहतो. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतंय काय?"

असं कुणी तोंडावर विचारत नाही. विचारलं तर डोक्यात नसलेलं भरवल्यासारखं होईल, अशी लोकांना भीती असते. माझ्या बाबतीत उलट झालं. कुणीतरी तो शब्द माझ्या आधी उच्चारला आणि मला तो एकट्यानं उचलावा लागला नाही. मी होय म्हटलं.

त्यांनी मला पाप-पुण्य सांगितलं नाही. म्हणाले, "हे मला एकट्याला पेलणारं नाही, डॉक्टर पाहिजे. उद्या सकाळी मी येतो, दोघं जाऊ. आणि आज रात्रीसाठी दोन नंबर लिहून घ्या." एक त्यांचा स्वतःचा होता आणि दुसरा १४४१६, टेलि-मानसचा. मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. मग विचारलं, "सिस्टरांना आणि मुलाला एवढंच सांगू काय, की तुमची तब्येत बरी नाही आणि रात्री सोबत पाहिजे?" मी विचार करून हो म्हटलं. त्या रात्री मुलगा पुण्याहून निघाला आणि पहाटे दारात होता. समेट की काय म्हणतात ते उपासनेतल्या प्रार्थनेनं झालं की त्या पहाटेनं, देव जाणे. सकाळी भाऊ आले, ओपीडीच्या रांगेत माझ्याबरोबर अडीच तास बसले आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी थांबले. आत आले नाहीत.

आज मी गोळ्या घेतो, झोप लागते.

आता उणं काय ते. प्रशिक्षण कमी आहे. आमच्या गटाला दोन शनिवारांचं शिकवलं गेलं, बाकी अनुभवावर. सिस्टरांनी मला सांगितलं, अमेरिकेत सेंट लुईस इथं १९७५ मध्ये केनेथ हॉक नावाच्या पाळकांनी अशीच सेवा बांधून काढली. ते मानसशास्त्रज्ञही होते. तिथं सेवकाला आधी पन्नास तास शिकवतात, एका सेवकाकडं एक माणूस देतात, आणि सेवकांनी ठरावीक दिवसांनी एकत्र बसून आपलं कुठं अडतंय ते नाव न घेता बोलायचं असतं. पन्नास तास आमच्या माणसांना परवडणार नाहीत, कबूल. पण दोन शनिवारांचे सहा झाले तर माझ्या घरातली गोष्ट तिसऱ्या बाकापर्यंत पोचली नसती. आणि एक काकी बदलीवर आल्या होत्या त्या हिला म्हणाल्या, "देवाची इच्छा, विश्वास वाढवा." बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ बसले, कुणी शब्द बोललं नाही. तोवर ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. ही गोष्ट पहिल्याच शनिवारी शिकवायला पाहिजे.

गटात बायका जास्त, पुरुष फार थोडे. माझ्यासारख्या म्हाताऱ्याजवळ दुसरा म्हातारा बसायला पाहिजे. सगळं काही बाईमाणसाला सांगता येत नाही.

आणि ही नर्सिंगची सेवा नाही, हे समजून घ्या. अंघोळ, डायपर, रात्रपाळी यातलं काही ते करत नाहीत. त्यासाठी माणूस ठेवावा लागतो. पावसाळ्यात पंचगंगेला पाणी वाढलं, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की गटातली माणसं नदीकाठच्या घरांतले म्हातारे-आजारी हलवायला जातात. मग आपला गुरुवार फोनवर होतो. आमच्या बाबतीत असं दोनदा झालं. फोन मात्र बरोबर चारलाच आला.

शेजारच्या आजी आमच्या मंडळीतल्या नाहीत. त्यांनी बाईंना हाक मारून विचारलं, माझ्याकडं पण याल काय. सिस्टरांनी आधी त्यांच्या सुनेला विचारलं, मग जायला सांगितलं. तिथं प्रार्थना करत नाहीत. बाई त्यांच्याकडं विठ्ठलाचे अभंग ऐकत बसतात.

बोलवायचं कसं? रविवारी उपासनेनंतर पाळकांना किंवा मंडळीचा कारभार बघणाऱ्या कुठल्याही वडीलधाऱ्यांना सांगा. तुमच्या मंडळीत असा गट नसेल तरी विचारा, कारण दोन माणसं तयार झाली तरी सुरुवात होते. ठरावीक वार आणि ठरावीक वेळ मागा. "सवडीनं येऊ" यावर राहू नका. अंथरुणावरच्या माणसाला गुरुवार चार वाजता हे घड्याळ असतं, सवड हे घड्याळ नसतं. आलेल्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगा की चिठ्ठीशिवाय काही पुढं जायला नको. आणि ते तुमच्याबद्दल विचारतील तेव्हा "बरं चाललंय" म्हणू नका.

गेल्या महिन्यात सिस्टर म्हणाल्या, रुईकर कॉलनीत एक घर आहे, तिथं फार गरज आहे आणि माणसं पुरत नाहीत. मी काही बोलायच्या आत बाईंनी परत तो हात वर केला, आणि आम्ही सगळे हिच्याकडं बघत थांबलो. हिच्या उशाशी शाळेतली पाटी असते. डाव्या हातानं तिनं पाटी ओढली, खडू धरला, आणि दोन रेघा मारल्या. महिन्यातून दोनदा. मग थोडं थांबून त्यांच्या खाली एक शब्द लिहिला, अक्षर वाकडं, पण वाचता येईल असं: चार.